करपा माझ्याच भाताला का? (फवारणी नको, कारण सांगा)

पागोळी | २ जून

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी मुंबईची नोकरी सोडून गुहागर तालुक्यात सासरच्या घरी आलो. चौदा गुंठे भात, थोडी पोफळीची वाडी, परसात चार कलमं. शेती करते म्हणायला अजून लाज वाटते, शिकते आहे असं म्हणू.

गेल्या भाद्रपदात भाताला करपा आला. आधी पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी. मग निसवल्यावर लोंबीच्या मानेशी काळं पडलं आणि लोंब्या मोडून लोंबकळल्या. आत दाणाच नाही, नुसती पळंज. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. दुकानदार म्हणाला, औषध उशिरा मारलंत. दोघांनाही मी हो म्हटलं.

पण डोक्यातून एक गोष्ट जात नाही. बांधाला लागून शेजारच्या काकांचं खाचर. पाणी तेच, वारं तेच. त्यांच्या भातावर चार ठिपके आले आणि थांबले. बांधावरचं गवत तर ठणठणीत होतं, त्याला काही झालं नाही. काय फवारायचं ते कुणीही पाच मिनिटांत सांगतं. मला हे समजून घ्यायचंय की रोगानं माझ्याच भाताला धरलं, म्हणजे माझ्या भातात नेमकं काय कमी होतं?

पेरणी तोंडावर आहे, म्हणून आत्ता विचारते.

---

मोरचूद | २ जून

ताई, कारण शोधत बसाल तर या वर्षीही पळंजच कापाल. माझं कृषी सेवा केंद्र आहे, रोजचा अनुभव सांगतो. ठिपका दिसला की ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक, निसवायच्या आधी परत एकदा. लेबलवर लिहिलंय तेवढंच घ्या, 'जरा जास्त' टाकू नका. बियाणं प्रक्रिया करूनच पेरा. संपला विषय.

---

कातळसडा | २ जून

विषय इथेच तर सुरू होतो. आमच्या पणजोबांच्या काळात करपा हा शब्दच नव्हता. युरिया आला, संकरित बी आलं, रोग आले, मग त्यांची औषधं आली. सगळं एकाच दुकानात मिळतं, हा योगायोग नाही.

---

मोरचूद | २ जून

झालं का सुरू. दुकानात फावडीसुद्धा मिळतात हो.

---

तिरफळ | ३ जून

पागोळीताई, तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप उडाली. माझी पीएचडी याच प्रश्नावर गेली, केसही त्यातच गेले. मूळचा लांज्याकडचा, आता बाहेर एका प्रयोगशाळेत भाताच्या करप्यावरच काम करतो. जरा लांबण लागेल.

आधी प्रश्न उलटा करू. तुमच्या खाचरावरच्या हवेत ऐन भाद्रपदात कित्येक जातींच्या बुरशींचे बीजाणू असतात. ते भातावर पडतात, माडावर पडतात, अळवावर, तुमच्या हातावरही पडतात. बहुतेक सगळे वाया जातात. बहुतेक झाडांना बहुतेक बुरश्या काहीच करू शकत नाहीत. माडाला भाताचा करपा होत नाही. तेव्हा रोग होणं हा नियम नाही, अपवाद आहे. एका विशिष्ट बुरशीला एका विशिष्ट झाडाचं कुलूप उघडता येतं, तेव्हाच रोग होतो.

तुमच्या बांधावरच्या गवताचंही तेच. गवतावरही करप्यासारखा रोग असतो, पण तो करणारी बुरशी वेगळी, या बुरशीची चुलत बहीण म्हणा. आणि गंमत म्हणजे नाचणीचा करपा भाताच्या करप्याच्याच जातीची बुरशी करते, पण तिचं घराणं वेगळं. वरकसावर नाचणी करपली म्हणून खाली खाचरात भात करपेल असं सहसा होत नाही. नाव एक, गाव एक, किल्ली वेगळी.

आता ती भातात शिरते कशी ते बघा, कारण ते बघण्यासारखंच आहे. बीजाणू ओल्या पानावर पडला की स्वतःच्याच डिंकानं चिकटतो. दोनेक तासांत त्याला अंकुर फुटतो. पृष्ठभाग कडक आणि मेणचट आहे हे कळलं की अंकुराच्या टोकाला एक घुमट तयार होतो. त्या घुमटाला आतून मेलॅनिनचं अस्तर असतं, हो, आपल्या केसांना काळा रंग देतं तसलंच. आत ग्लिसरॉल साठतं, ते पाणी ओढून घेतं आणि दाब वाढत जातो. १९९१ साली हा दाब मोजला गेला, तो सुमारे ८० वातावरणं निघाला. मोटारीच्या टायरमध्ये जो दाब असतो त्याच्या तीसेक पट. त्या दाबानं घुमटाच्या तळातून खिळ्यासारखा एक तंतू पानात घुसतो. या बुरशीला पान नसलं तरी चालतं, प्लॅस्टिकच्या पातळ कागदातूनही ती आरपार जाते. आम्ही प्रयोगशाळेत कांद्याच्या पापुद्र्यावर हेच बघतो.

मोरचूदभाऊ सांगतात ते ट्रायसायक्लाझोल नेमकं त्या अस्तरावर काम करतं. मेलॅनिन होऊ दिलं नाही की घुमट फुसका. म्हणून ते आधी मारावं लागतं, बुरशी आत गेल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. दुकानदार तुम्हाला 'उशीर झाला' म्हणाला ते खोटं नव्हतं.

उरलेलं रात्री लिहितो. इथे आता प्रयोगाचं भात निसवायला लागलंय.

---

बावखल | ३ जून

टायर आणि कांदा एकाच परिच्छेदात. वाचतोय.

---

तिरफळ | ३ जून, रात्री

हं. बुरशी आत घुसायला लागली तेव्हा भात काय झोपलेला असतो? नाही.

बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं. कुर्ली खाताना आपण जे कवच फोडतो, कोळंबीची जी सालं काढून माडाच्या बुंध्याशी टाकतो, त्यातही तेच. झाडात कायटिन नसतं. त्यामुळे कायटिनचा तुकडा लागला की झाडाला कळतं, हे आपलं नव्हे. भाताच्या पेशीवर कायटिन ओळखणारी प्रथिनं बसलेली असतात, ती बोंब मारतात. मग पेशीची भिंत जाड होते, विषारी रसायनं तयार होतात, कधी कधी ती पेशी स्वतःच मरून शत्रूची वाट बंद करते. शेजारच्या काकांच्या भातावर 'चार ठिपके आले आणि थांबले' असं तुम्ही लिहिलंत, ते बहुधा हेच. ते बारके तपकिरी ठिपके म्हणजे झाडानं जिंकलेल्या लढाया.

करप्याच्या बुरशीनं यावर काय तोडगा काढला? ती एक प्रथिन सोडते, जे स्वतःच कायटिनचे तुकडे गोळा करून लपवतं. चोरानं पायातल्या वहाणा काढून हातात घ्याव्यात तसं. अशी डझनावारी प्रथिनं ती झाडात सोडते आणि झाडाचं एकेक यंत्र बंद पाडते.

यावर काही भातांनी दुसरा पहारा बसवला: थेट ती लबाड प्रथिनंच ओळखणारी जनुकं. अमेरिकेत हॅरोल्ड फ्लोर नावाच्या शास्त्रज्ञानं १९४० च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून दाखवलं की झाडातल्या एकेका प्रतिकार जनुकाला बुरशीतलं एकेक जनुक जोडीला असतं. जोडी जुळली तर झाड वाचतं. बुरशीनं आपलं ते जनुक बदललं किंवा टाकूनच दिलं, तर पहारेकरी बसल्या जागी आंधळा होतो. नवीन 'करपा प्रतिकारक' वाण येतं, दोन-तीन वर्षं छान चालतं आणि मग एका पावसाळ्यात आडवं होतं, ते यामुळे. वाण बिघडत नाही. समोरचा बदलतो.

म्हणजे 'काय कमी होतं' याचं पहिलं उत्तर: तुमच्या वाणाकडे या वर्षीच्या, तुमच्या वाडीतल्या बुरशीला ओळखणारा पहारेकरी नव्हता. पण ताई, हे अर्धंच उत्तर आहे. उरलेल्या अर्ध्याला मी 'कमी' म्हणणार नाही. कधी कधी झाडात काहीतरी जास्त असतं, म्हणून त्याला रोग होतो.

---

बावखल | ४ जून

जास्त म्हणजे? दार आहे म्हणून चोर येतो, असं? मग झाडानं दार ठेवलंच कशाला? उत्क्रांतीत इतकी लाखो वर्षं गेली, एखादी भिंत घालून टाकायची.

---

तिरफळ | ४ जून

बावखल, दार चोरासाठी ठेवत नाहीत, घरच्यांसाठी ठेवतात. तिथेच सगळी मेख आहे.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण बार्लीचं. बार्लीला भुरी येते, आपल्या आंब्याच्या मोहोरावर येते तसली. १९४२ साली जर्मनीत क्ष-किरण मारलेल्या बार्लीत एक झाड असं सापडलं की त्याला भुरी धरेचना. तेव्हा वाटलं असेल काहीतरी नवीन शक्ती आली. प्रत्यक्षात उलट होतं, एक जनुक मोडलं होतं. तेच जनुक मोडलेली बार्ली इथिओपियाच्या शेतकऱ्यांच्या जुन्या वाणातही मिळाली. १९७९ पासून ते युरोपातल्या वाणांमध्ये आहे, आणि इतर प्रतिकार दोन-चार वर्षांत मोडत असताना हा इतकी वर्षं टिकला. १९९७ साली ते जनुक हाती आलं. बुरशीला आत यायला झाडाचं हे जनुक धडधाकट असावं लागतं. ते नसेल तर बुरशीनं ओळखायचं, बदलायचं, चकवायचं काय? दारच नाही.

मग सगळ्यांनी ते जनुक का मोडू नये? कारण त्याची किंमत मोजावी लागते. हे जनुक झाडाच्या बचावाला लगाम घालतं. लगाम तुटला की बचाव उगाचच पेटतो, पानांवर आपोआप डाग पडतात, पान लवकर पिकतं. आणि ऐका, अशा बार्लीला करपा जास्त होतो! भुरीला दार बंद केलं, करप्याला खिडकी उघडली.

दुसरं उदाहरण आपल्या भाताचं. जपानात वरकस जमिनीवरचे काही जुने भात करप्याला दाद देत नाहीत, हे तिथल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत होतं. त्यांचा संकर खाचरातल्या चांगल्या भाताशी केला की करपा थांबायचा, पण भात खायला बेचव निघायचा. लोक समजले की करपा आणि चव यांचं वैर आहे. २००९ मध्ये त्याचा छडा लागला. प्रतिकार देणारं जनुक हे खरं तर एका 'बचाव सावकाश करा' सांगणाऱ्या जनुकाचं मोडकं रूप होतं. बेचवीचं जनुक वेगळंच होतं, पण त्याला अगदी खेटून बसलेलं. दोघं कायम जोडीनं यायची. हजारो रोपं तपासून दोघांची ताटातूट झालेलं एक रोप काढावं लागलं. आता चव आणि प्रतिकार एकाच ताटात येऊ शकतात.

तिसरं, आणि मला रात्री घाबरवणारं. १९४० च्या दशकात अमेरिकेत ओटला तांबेरा येऊ नये म्हणून एक छान प्रतिकार जनुक घातलं. सगळीकडे तेच वाण. मग एक नवीन करपा उद्भवला आणि फक्त तेच वाण जाळत सुटला. त्या बुरशीचं विष नेमकं त्या पहारेकऱ्यालाच डिवचत होतं. पहारेकरी घाबरून पेशी मारायचा आणि ही बुरशी मेलेल्या पेशींवर जगणारी. ज्याला कुलूप समजलो तेच दार निघालं.

म्हणून माझ्यापुरतं म्हणायचं तर 'कमजोर झाड' या शब्दावर माझा विश्वास उडालाय. तुमचं भात कमजोर नव्हतं ताई. ते एका पाहुण्यासाठी फारच व्यवस्थित घर होतं.

---

पागोळी | ४ जून

शेवटची ओळ सासूबाईंना वाचून दाखवली. म्हणाल्या, म्हणजे नजरच की.

---

कुणगो | ५ जून

मी काय जास्त शिकलंय नाय. मालवणाकडचो, वय झाला. पण एक सांगतंय. भात काळोकुट्ट हिरवो दिसाक लागलो की आमचो आजो म्हणायचो, 'ह्येका आता रोग धरतलो.' तेव्हा युरिया खय होतो? शेणखताचो ढीग जया कोनात पडायचो, थंयसरच पयलो करपो. दुसरा, गर्दी करून लावलास तर वारो खेळना नाय, दव धा वाजले तरी सुकना नाय. तिसरा, आमची आवस चुलीतली नि तुसाची राख तरव्यात टाकी. कित्याक विचारल्यार सांगी, 'पात ताठ होता.'

वालय आमच्याकडे अजून आसा. लाल भाताची पेज वालयचीच. पण त्येकाय करपो येता हां. जुना म्हणान येना नाय, असा कोणी सांगू नये.

---

कातळसडा | ५ जून

कुणगोकाकांनी पहिल्या अर्ध्यात माझंच म्हणणं मांडलं. नत्र जास्त, रोग जास्त. धन्यवाद.

---

तिरफळ | ५ जून

आणि दुसऱ्या अर्ध्यात खोडलं, तेही मोजा. :) करप्यासारख्या रोगाची नोंद चीनमध्ये १६३७ सालची आहे. तेव्हा ना युरिया होता ना कृषी सेवा केंद्र.

पण कातळसडा, नत्राबद्दल तुम्ही आणि काकांचे आजोबा दोघंही शंभर टक्के बरोबर आहात. नत्र जास्त झालं की पान मऊ, रसाळ होतं, पेशींच्या भिंती पातळ राहतात, दाटी वाढते, ओल टिकते. पानाच्या आत बुरशीला खाणंही आयतं मिळतं. फक्त नत्र युरियाचं की शेणाचं, हे बुरशी विचारत नाही.

आता राखेबद्दल, कारण काकांच्या आईंनी एका वाक्यात सांगितलं ते आम्हाला कळायला पन्नास वर्षं लागली. भाताच्या तुसात भरपूर सिलिका असते. भात हे सिलिका वेड्यासारखं शोषणारं पीक आहे. मुळांशी खास त्याच कामाची प्रथिनं असतात, त्यांचं जनुक २००६ साली सापडलं. शोषलेली सिलिका पानाच्या वरच्या थराखाली काचेच्या पापुद्र्यासारखी बसते. पात ताठ होते, धार येते (कापणीला हात चिरतात ते त्यामुळेच), आणि तो ८० वातावरणांचा खिळा आत घुसायला जड जातो. शिवाय सिलिका मिळालेलं झाड बचावही लवकर सुरू करतं.

आता आपल्या कोकणाची गोम. आपली जमीन जांभ्याची. जांभा होतो कसा? लाखो वर्षांच्या पावसानं खडकातली सिलिका धुऊन नेली आणि मागे लोखंड-ॲल्युमिनियम उरलं, म्हणून तर तो तांबडा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस हे काम अजून करतोच आहे. म्हणजे ज्या पिकाला सिलिका हवी ते पीक आपण सिलिका वाहून गेलेल्या जमिनीत लावतो, पेंढा गुरांना नाहीतर विकायला, तूस गिरणीत. दरवर्षी थोडी थोडी सिलिका गाडीत बसून गावाबाहेर जाते.

डॉ. ना. कृ. सावंत यांची चारसूत्री भात लागवड इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. लोकांना त्यातलं चौथं सूत्र, खताच्या ब्रिकेटच्या गोळ्या, तेवढं आठवतं. पण पहिलं सूत्र हेच आहे, भाताचं भाताला परत द्या. रोपवाटिकेत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची राख मातीत मिसळायची. राख काळसर हवी. पांढरी होईपर्यंत जाळलीत तर सिलिका स्फटिकासारखी घट्ट होते आणि मुळांना मिळेनाशी होते. दुसरं सूत्र गिरीपुष्पाचा पाला, तिसरं ठरावीक अंतरावर लावणी. काकांची 'गर्दी नको' तीच.

---

पागोळी | ५ जून

आमच्याकडे भाजावळ अजून करतात, राबावर पाला आणि गोवऱ्या जाळून. म्हणजे तेही यासाठीच?

---

तिरफळ | ५ जून

त्यात तण आणि किडे मारणं हा मुख्य हेतू. पालाही राख देतोच, पण सिलिकेच्या बाबतीत तुसाची सर नाही. भाजावळीवरून इथे आधीच एक तीनशे प्रतिसादांचा धागा होऊन बंद पडलाय, तो परत नको.

---

माजघर | ७ जून

भातवाल्यांनी धागा पळवला, आंब्याचं कोण बोलणार? देवगडहून पेटी येते, घरी चार दिवस सुंदर, पाचव्या दिवशी काळे डाग. काढताना तर एकही डाग नव्हता, मी स्वतः बघितलं. ही बुरशी येते कुठून? माझ्या माजघरातून?

---

तिरफळ | ७ जून

माजघराला दोष देऊ नका. ती बुरशी आंब्याबरोबरच आली. आंबा झाडावर सुपारीएवढा असताना पावसात किंवा धुक्यात तिनं सालीत पाय रोवला आणि मग गप्प बसली. कच्च्या सालीत आणि चिकात बुरशीला मारक रसायनं असतात. आंबा पिकायला लागतो तशी ती कमी होतात, साखर वाढते, साल मऊ पडते. मग पाहुणी उठते. म्हणजे एकाच फळात एकच बुरशी, आधी हरलेली आणि मग जिंकलेली. इथे झाडाचं जनुक तेच असतं, फक्त वेळ बदलते.

आणि हापूस म्हणजे कलम. देवगडचं, रत्नागिरीचं, तुमच्या परसातलं, सगळी मुळात एकाच झाडाची फांदी. एकाला जे दार तेच सगळ्यांना. या बाबतीत जंगलातला रायवळ बरा, दर बाठ्याचं झाड वेगळं.

---

बावखल | ७ जून

आमच्या वसईच्या केळीचंही तसंच, केळीला बी कुठे. बुंध्याशी फुटलेला पुनवा लावायचा म्हणजे आईचीच प्रत. सुकेळ्यांची राजेळी आता शोधावी लागते, अर्थात त्याची कारणं नुसती रोगाची नाहीत, बिल्डर हाही एक रोग आहे.

---

पागोळी | ९ जून

आता पोफळीचं. गेल्या आषाढात सुपारीला कोळे रोग आला, हिरवी सुपारी देठाशी कुजून पायाखाली सडा. तालुक्याच्या एका दुकानातून (नाव नको) महागाचं बुरशीनाशक आणलं, हेक्झाकोनॅझोल. गडी वर चढवून दोनदा मारलं, चढणावळ वेगळी. काही फरक नाही. हीसुद्धा झाडाचीच चूक का?

---

तिरफळ | ९ जून

नाही, ही चूक नावाची. कोळे रोग करणारा फायटोफ्थोरा ही बुरशीच नाही. दिसतो बुरशीसारखा, वागतो तसा, सगळे बुरशी म्हणतात, पण कुळ पाहिलं तर तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळचा. त्याचे बीजाणू पाण्यात दोन शेपट्यांनी चक्क पोहतात. म्हणून ऐन संततधारेत त्याचं फावतं. त्याच्या भिंतीत सेल्युलोज असतं. आणि तुम्ही मारलंत त्या गटाची औषधं बुरशीचं अर्गोस्टेरॉल (तिच्या पेशीच्या पडद्याला लागणारा पदार्थ) तयार होऊ देत नाहीत. याला ते बनवावंच लागत नाही. जो कारखाना नाहीच त्याला टाळं ठोकून काय होणार?

१८४५ ला सुरू झालेल्या आयर्लंडच्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, ते याच्याच भावंडानं. तिथेही सगळा बटाटा जवळजवळ एकाच वाणाचा, डोळ्यांपासून लावलेला.

---

मोरचूद | ९ जून

आता मी बोलू? ताईंना हे कुणी दिलं ते मला माहीत नाही, पण वाईट वाटलं. कोळे रोगाला आजही बोर्डो. 'कोळे' हा कानडी शब्द, कुजणे. १९१० साली म्हैसूर संस्थानात कोलमन साहेबांनी या रोगावर काम केलं, तेव्हापासून पोफळीला बोर्डो चाललंय. मूळ शोध फ्रान्सचा, १८८५. रस्त्याकडेची द्राक्षं लोक चोरून खाऊ नयेत म्हणून मळेवाले वेलींवर मोरचूद-चुना फासायचे आणि नेमक्या त्याच वेलींचा रोग थांबला. मी हे गिऱ्हाइकाला दर मे महिन्यात सांगतो.

एक टक्का म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं विरघळवा, प्लॅस्टिकच्या पिंपात. मग तिसऱ्या पिंपात दोन्ही धारा एकदम सोडा, ढवळत. चुना फुकट गेलेला नको, भट्टीचा ताजा खडा हवा. शेवटी लोखंडी सुरी पाच मिनिटं बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी टाका, नाहीतर कोवळं शिंपुट (सुपारीचा घड) जळेल. केलं त्या दिवशीच संपवा. पाऊस लागायच्या आधी पहिली फवारणी, पुढची चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून. रोग आल्यावर मारून उपयोग नाही, तांबं बाहेर राखण करतं, आत जात नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी घडांना प्लॅस्टिक पिशव्या बांधाव्यात.

गळलेली सुपारी गोळा करून वाडीबाहेर न्या. हे फुकट आहे म्हणून कुणी करत नाही.

---

कातळसडा | १० जून

मोरचूदभाऊ, हा प्रतिसाद जपून ठेवला. (होय, मी.)

---

बावखल | १० जून

तिरफळ, ते दार मोडणं आता कात्रीनं करतात ना? जनुक संपादन. मग करा की भातात, बसलात काय?

---

तिरफळ | ११ जून

करतात. २०१४ मध्ये चीनमध्ये गव्हातली बार्लीसारखीच जनुकं मोडून भुरी थांबवली. गव्हात त्या जनुकाच्या तीन प्रती, तिन्ही मोडाव्या लागल्या. २०१६ मध्ये भातात करप्याला मदत करणारं एक जनुक असंच बाद केलं. आपल्याकडेही २०२५ च्या मेमध्ये संपादित भाताची दोन वाणं जाहीर झाली, ती रोगासाठी नाहीत. पण वर लिहिलंच की लगाम तोडल्याची किंमत असते, ती बघायला शेतच लागतं आणि वर्षं लागतात.

त्यावरून आठवलं. लोकांना वाटतं आम्ही पांढरा कोट घालून रोगाशी लढतो. आम्ही रोग पिकवतो. मध्ये तपासायच्या वाणांच्या ओळी, कडेनं हमखास करपणारं वाण, नत्र मुद्दाम जास्त, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा. मग गुडघ्यावर बसून एकेका पानाला शून्य ते नऊ गुण द्यायचे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी पाऊसच असा विचित्र पडला की करपा आलाच नाही. दोनशे ओळी हिरव्यागार. मी आईला फोन करून सांगितलं की रोग यावा म्हणून काहीतरी कर, नवस बोल. ती म्हणाली, भाताला रोग येऊ दे असं देवाकडे मागणारी मी पहिली ठरेन, तुझं वर्ष वाया गेलं तर जाऊ दे. गेलं.

सोपी युक्ती मात्र एक सांगतो, ती कात्रीशिवाय होते. चीनच्या युनानमध्ये १९९८-९९ ला हजारो एकरांवर शेतकऱ्यांनी करपणारा चिकट भात आणि न करपणारा संकरित भात यांच्या ओळी एकमेकांत मिसळून लावल्या. चिकट भातावरचा करपा ९४ टक्क्यांनी घटला. बीजाणू उडून शेजारी पडतो तो चुकीच्या दारात. ताई, शेजारच्या काकांकडून त्यांचं बी मागून घ्या.

---

पागोळी | १९ ऑक्टोबर

धागा वर काढते, कापणी झाली.

काकांनी बी दिलं, वर ऐकवलंही की मुंबईकरणीला शेवटी आमचंच बी लागलं. एका खाचरात माझ्या चार ओळींमागे त्यांची एक. राबात तुसाची काळी राख, गिरणीतून पोतं फुकट मिळालं. युरिया एकदम न टाकता तीनदा थोडा थोडा. दुसऱ्या खाचरात मुद्दाम गेल्या वर्षीसारखंच सगळं, तिरफळ म्हणतील म्हणून.

राखेच्या खाचरात पानांवर ठिपके आले पण मान मोडली ती मोजकीच. दुसऱ्या खाचरात जास्त, तरी गेल्या वर्षीइतकी नाही. पोफळीखाली सडा पडला नाही. मी खूश, सासूबाईंनी दृष्ट काढली होती त्याही खूश.

---

तिरफळ | १९ ऑक्टोबर

अभिनंदन! आणि माफ करा, पण यंदा गणपतीनंतर तुमच्याकडे उघडीप किती दिवस होती? सकाळी दव किती वाजेपर्यंत असायचं? दुसऱ्या खाचरातही कमी आलाय, म्हणजे हवामानाचा वाटा आहे. शिवाय तुम्ही तीन गोष्टी एकदम बदलल्यात, कशानं फरक पडला ते आता मलाच काय, कुणालाच सांगता येणार नाही.

---

पागोळी | १९ ऑक्टोबर

माहीत होतं असंच म्हणाल. पुढच्या वर्षी चार वाफे करते, एकेकात एकच बदल. पण गुण द्यायला गुडघ्यावर तुम्ही बसायचं.

---

कुणगो | २० ऑक्टोबर

वालयचा बी होया तर सांगा. दोन पायली ठेवलंय.

---

तिरफळ | २० ऑक्टोबर

भाद्रपदात रजा टाकतो. काका, एक पायली माझ्या नावानं ठेवा, आणि पेज.